ओळीत न बसलेला शब्द

भिकुबाईला मी उभ्या आयुष्यात सात वेळा पाहिलं. सहा वेळा ती आमच्या छापखान्याच्या पायरीवर बसलेली होती आणि सातव्यांदा तिच्या पाणपोईवर. एवढ्या ओळखीवर एखाद्या बाईचं चित्र काढायला बसणं हा आगाऊपणाच झाला, मला कळतं. पण एके काळी धुळ्यापासून जळगावपर्यंत भिकुबाईला ओळखतो असं छातीठोक सांगणारी हजारो माणसं होती, आणि त्यांनी तिला एकदाही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यापेक्षा माझा हक्क थोडा मोठा आहे. शिवाय त्या हजारोंची भिकुबाई माझ्याच बोटांनी घडवली होती.

मी मगन. धुळ्याच्या एका साप्ताहिकात तेवीस वर्षं छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवले. साप्ताहिकाचं नाव सांगत नाही. ते बंद पडलं, मालक वारले, आता मेलेल्यांची अब्रू कशाला काढू? जिवंतांची काढण्यातच आमची हयात गेली.

भिकुबाईचं गाव शिंदखेड्याच्या रस्त्यावर, धुळ्यापासून पाच कोसांवर. आईबापांची तीन मुलं आधी गेलेली, म्हणून हिच्या वेळी बापाने पाच घरी भीक मागून ते धान्य हिच्या पाळण्याखाली ठेवलं आणि नाव भिकु ठेवलं. अशी मागून आणलेली मुलं यमाला नकोशी होतात असा आमच्याकडे समज. भिकु जगली. झुलाल नावाच्या कष्टाळू शेतकऱ्याशी तिचं लग्न झालं. पुढे मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी ती शेतात कणसं खुडत असताना झुलाल घरी एकटाच पाणी पाणी करत गेला. ती परतली तेव्हा त्याचा हात रिकाम्या तांब्यात होता.

त्या दिवसानंतर दरवर्षी होळीपासून मृगापर्यंत रस्त्याच्या निंबाखाली तिची पाणपोई. वाळूत गळ्यापर्यंत पुरलेले चार रांजण, वर ओले फडके, लांब दांड्याची पितळी पळी. वाटसरू आला की ती आधी विचारायची, "कोन गावना शे रे भो?" गावाचं नाव कळल्याशिवाय पाणी नाही. मग माणूस ओंजळ धरायचा आणि ती वरून धार सोडायची. ती धार तो मान हलवून पुरे म्हणेपर्यंत तुटायची नाही. पिणाऱ्याची धार मध्ये तुटली तर त्याची तहान मागे राहते आणि त्याला शोधत फिरते, असं तिचं म्हणणं होतं. हे तिने मला स्वतः सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

१९३३ साली, फाल्गुन संपत आला असताना, भर दुपारी साक्रीकडचा एक तरुण पायी पायी आला. तोताराम त्याचं नाव, पाटलाघरचा एकुलता एक. सासुरवाडीहून घरी निघाला होता. पाणपोईवर आला तेव्हाच त्याचे डोळे फिरलेले होते. भिकुबाईने गाव विचारलं, त्याने सांगितलं, ओंजळ धरली आणि खालीच बसला. तिने त्याचं डोकं डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताने पाणी घालत राहिली. तो प्यायला, चांगला घटाघट प्यायला, आणि तिच्या हातावरच त्याने मान टाकली. ऊन लागलं होतं. पण त्याच्या बापाला ते पटेना. धडधाकट पोरगा पाणी पिऊन मरतो म्हणजे काय? त्याने विषाचं नाव काढलं. फौजदारांनी चारही रांजण फोडले आणि भिकुबाईला शिंदखेड्याच्या चौकीवर नेऊन बसवलं.

शिंदखेड्याचा आमचा बातमीदार कचेरीपुढे अर्ज लिहून देणारा माणूस. तो हजर होता. त्याने पत्रात तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून पाठवलं: "तो मना हातवर मरना, पन पानी पीसन मरना." म्हणजे, माझ्या हातावर त्याने प्राण सोडला, पण तहानलेला नाही गेला. झुलालला जे देता आलं नाही ते परक्याच्या पोराला दिलं, असं ती बाई फौजदाराला सांगत होती. माझ्या मते तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अभिमानाचं वाक्य होतं.

आमच्या संपादकांचा, तात्यासाहेबांचा, दंडक असा की अहिराणी छापायची नाही. शुद्ध मराठी करून घ्यायची. आणि ते काम माझ्याकडे, कारण मी इकडचाच, आईच्या दुधाबरोबर अहिराणी प्यालेला. शहरात आल्यावर तीच बोली चारचौघांत बोलायला लाजणाराही मीच. मंगळवारी दुपारी पत्र समोर ठेवून मी खिळे उचलत होतो. "तो माझ्या हातावर मेला" असं जुळवलं. ओळ भरली आणि एक अक्षर बाहेर राहिलं. ते खाली ढकललं तर नवी ओळ पडणार, आणि स्तंभात एका ओळीची जागा नव्हती. मी 'हातावर' काढून 'हातून' घातलं. ओळ चपखल बसली. पुढचं पाणी पिऊन वगैरे वाक्यही जागेपायी गाळलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हातावर काय आणि हातून काय, असं मनात म्हणालो असेन. खरं सांगायचं तर तेवढंही म्हणालो नसेन.

तात्यासाहेबांनी प्रूफ वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. "अरे, ही तर कबुली आहे!" त्यांनी तिथेच मथळा लिहिला: 'पाणपोईवर विष! संशयित बाईची कबुली.' बातमीदाराने कुठेही लिहिलेलं नसताना 'घाऱ्या डोळ्यांची, उंच, अबोल बाई' हे वर्णनही त्यांच्याच लेखणीतून उतरलं. मी तोंड उघडायला हवं होतं. मथळ्यासाठी मोठे खिळे काढायला मी निमूटपणे खिळ्यांच्या खणांकडे वळलो.

बुधवारी अंक गेला. चावडीचावडीवर एक जण वाचायचा आणि पन्नास जण ऐकायचे. पुढच्या आठवड्यात अंक कमी पडले. मग पत्रांचा पाऊस. कोणी लिहिलं, आपला चुलता सहा वर्षांपूर्वी तिथेच पाणी प्यायला आणि चार महिन्यांत गेला. कोणाचा बैल गेला. एकाने तर ती रांजणाशी पुटपुटते हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आम्ही सगळं छापलं. तिच्यावर अजून आरोप ठेवलेला नव्हता, ती नुसती चौकीवर बसून होती, पण आमच्या पानांत तिच्या नावावर पाच माणसं आणि एक बैल जमा झाला.

पंधरा दिवसांनी मुंबईहून तोतारामच्या आतड्यांच्या तपासणीचा कागद आला. विषाचा मागमूस नाही. फौजदारांनी भिकुबाईला सोडून दिलं. आरोपच नव्हता, तेव्हा निर्दोष सुटली असंही कोणी म्हणायचं कारण नव्हतं. तात्यासाहेब म्हणाले, "खटला नाही, निकाल नाही, मग बातमी कसली?"

पुढच्याच मंगळवारी ती छापखान्याच्या पायरीवर येऊन बसली. पाच कोस चालत आली होती. उंच होती, तेवढं वर्णन खरं. डोळे साधे काळे. डाव्या हातावर कोपरापर्यंत तुळशीचं गोंदण. शेजारी फडकं बांधलेला तांब्या.

"भाऊ," ती म्हणाली, "मी 'हातवर' सांगं व्हतं. 'हातून' कोनी करं?"

रागाने नाही, रस्ता विचारावा तसं विचारलं. गावातल्या कोणाकडून तरी तिने ती बातमी इतक्या वेळा वाचून घेतली होती की नेमका शब्द तिच्या हाती लागला होता. धुळ्यात एवढे वकील, एवढे विद्वान. चूक सापडली ती या निरक्षर बाईला. आणि विचारत होती माझ्याकडेच बघून. मी कानावर हात ठेवले. "संपादक बाहेरगावी आहेत," म्हणालो. तात्यासाहेब आत अंकाचं पान लावून घेत होते.

"मंग त्यास्ले सांगा. मनं बोलनं जसं व्हतं तसं छापा. दुसरं काही नको." आणि तिने तांब्याचं फडकं सोडलं. "पानी प्या भाऊ. ऊनमा उभे शेत." उन्हात उभे आहात, म्हणाली.

मला माहीत होतं त्या पाण्यात काही नाही. साऱ्या खानदेशात हे माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं, कारण ती कबुली मीच खिळ्याखिळ्याने बनवली होती. तरी माझे हात पुढे झाले नाहीत. तहान तर लागली होती. "नको, आत्ताच प्यालो," असं मी म्हणालो. तिने तांब्या तसाच पुढे धरून ठेवला. तेवढ्यात आमचा यंत्र चालवणारा रमजान घाम पुसत बाहेर आला, पायरीवर उकिडवा बसला आणि त्याने ओंजळ धरली. "पिलाओ, अम्मा." तिने गाव विचारलं, त्याने धुळे सांगितलं, आणि तिने धार सोडली. रमजान तांब्या संपेपर्यंत प्यायला. त्याने मान हलवली तेव्हा तिने रिकामा तांब्या छातीशी धरला. घरी परतल्यापासून तिच्या हातचं पाणी पिणारा तो पहिला माणूस, हे मला नंतर कळलं. तिने नवे रांजण मांडले होते, रोज भरत होती, आणि वाटसरू तिथून घाईघाईने पुढे जात होते.

ती दर मंगळवारी यायला लागली. "आज छापं का भाऊ?" एवढंच विचारायची. मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. खोटं नव्हतं ते अगदीच. मी चार ओळींची दुरुस्ती जुळवून ठेवली होती, दोऱ्याने बांधून, फळीवर. प्रत्येक आठवड्याला जागा नसायची. जागा कशाने भरायची, तर पाणपोईवालीच्या पत्रांनी.

त्या दुरुस्तीचं एक सांगतो. पटलं तर घ्या. पहिलं प्रूफ काढलं तर त्यात 'हातून' आलं. मी स्वतःशी हसलो. सवयीचा हात, दुसरं काय. तो शब्द काढला, 'हातावर' घातला, बोटांनी चाचपून पाहिला. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, पण मी ती सुलट्यासारखी वाचायचो. दुसरं प्रूफ काढलं. 'हातून'. मी रमजानला विचारलं, कोणी हात लावला का? तो म्हणाला, तुझ्या फळीला कोण हात लावतो, मगनभाऊ. तिसऱ्यांदा शब्द बरोबर उमटला, पण मी तो पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. तो कागद कितीतरी वेळ माझ्या हातात होता.

चौथ्या मंगळवारी मी एक बातमी जुळवत होतो: 'पाणपोईवाली बोदवडला? स्टेशनावर उतारूंना पाणी देताना दर मंगळवारी अनेकांनी पाहिली. घाऱ्या डोळ्यांची, उंच.' त्याआधीच्या आठवड्यात ती आमच्या अंकात साक्रीच्या बाजारात दिसली होती. मी 'मंगळवारी' या शब्दाचा शेवटचा खिळा उचलला आणि समोर पाहिलं. मंगळवारच होता. भिकुबाई पायरीवर बसलेली, गुडघ्याला मिठी घालून. रस्त्याने दोन माणसं पाणपोईवालीचीच गोष्ट बोलत तिच्या अंगावरून गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची भिकुबाई दुसरीच होती.

मला राहवलं नाही. मी बाहेर जाऊन तिला ती बातमी वाचून दाखवली. वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिने स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"मी ते आठेच शे ना भाऊ?"

"हो, इथेच आहेस, अक्का."

"मंग बोदवडले कोन शे?"

मी आत गेलो आणि बातमी पुरी केली. हो, पुरी केली. छापलीही. आजही तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सहाव्या मंगळवारी ती आली, पण तिने काही विचारलं नाही. तांब्याही आणला नव्हता. बराच वेळ बसली, छापखान्याच्या यंत्राकडे बघत होती. जाताना म्हणाली, "गावना लोक सांगतस, मना डोया घारा शेत." आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं, मी सांगावं म्हणून. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर होती. मला ते डोळे क्षणभर घारे दिसले. मी लगेच म्हणालो, "नाही हो, काळेच आहेत." पण तो क्षण तिच्या नजरेतून सुटला नसावा. त्यानंतर ती आली नाही.

पुढच्या अंकात एक जाहिरात ऐन वेळी रद्द झाली आणि स्तंभात नेमक्या चार ओळींची जागा रिकामी राहिली. तात्यासाहेब ओरडले, "काहीही घाल रे!" मी ती बांधून ठेवलेली दुरुस्ती उचलून घातली. ज्या जागेपायी तिचा शब्द गेला होता, तशाच जागेपायी तो परत आला. तात्यासाहेबांनी वाचलंही नाही.

बुधवारी मी रजा घेतली, अंक काखेत मारला आणि शिंदखेड्याच्या रस्त्याला लागलो. मृगाला आठ-दहा दिवस उरले होते. पाच कोस मी मुद्दाम पाण्याचा थेंब न पिता चाललो. ठरवलंच होतं, पहिली ओंजळ तिथेच धरायची. मी भित्रा होतो, पण भित्र्यालाही कधीतरी स्वतःची लाज वाटते.

पाणपोई दुरून दिसली. निंब, सावली, चार रांजण काठोकाठ भरलेले. इतके भरलेले की वाळू ओली झाली होती. भोवताली परकं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, फक्त तिचीच पावलं, विहिरीपासून रांजणापर्यंत आणि परत. ती रांजणामागे बसली होती. मला पाहून उठली नाही, आणि मला गाव विचारलं नाही.

मी अंक उघडला आणि मोठ्याने वाचलं: 'शिंदखेडे रस्त्यावरील पाणपोई चालवणाऱ्या भिकुबाई झुलाल यांचे म्हणणे असे होते की, तोताराम हा आपल्या हातावर मेला, व तो पाणी पिऊन मेला. त्यांच्यावर कोणताही आरोप नाही. मागील मजकुरात चुकीचा शब्द पडला होता.' मग अंक खाली ठेवला आणि आठ आठवडे मनात ठेवलेलं बोललो. "तो शब्द मी बदलला, अक्का. ओळीत बसेना म्हणून. माझ्याकडून झालं ते. तुझं काही चुकलं नाही."

मग तिने मान हलवली, नाही म्हणून.

"आते तुम्ही खोटं छापं, भाऊ."

"खोटं नाही. तुझंच बोलणं आहे हे."

ती सरळ बसली. डावा हात, तो गोंदणाचा, तिने उजव्या हाताने मनगटाशी घट्ट धरला, दुसऱ्याचा हात धरावा तसा. आणि जन्मात कधी बोलली नव्हती त्या शुद्ध, पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सुटा करत, माझ्या जुळणीत होता तसाच, ती म्हणाली:

"तो माझ्या हातून मेला."

तो तिचा आवाज होता, पण वाक्य माझं होतं. मी 'नाही, नाही' म्हणत राहिलो. झुलालची आठवण दिली, तोताराम कसा घटाघट प्यायला ते तिचंच सांगणं तिला सांगितलं. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती.

शेवटी मी वाळूत गुडघे टेकले आणि ओंजळ धरली. "पाणी घाल, अक्का. धुळ्याचा मगन मी. तहान लागली आहे."

तिने पळी घेतली, रांजणात बुडवली, भरून वर उचलली. पळी माझ्या हातांवर आली. पाणी पळीच्या काठावरून हललं, दोन थेंब माझ्या तळव्यावर पडले, आणि तिने झटक्यात पळी बाजूला नेऊन सगळं पाणी वाळूत ओतलं.

"नको भाऊ," ती म्हणाली, पुन्हा तिच्या बोलीत, हळू. "तुमना घर लेकरं व्हतीन."

नंतर ती रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे गेली, भरलेले रांजण पुन्हा भरायला. पुढेही वर्षानुवर्षं ती दर होळीला रांजण मांडत होती आणि कोणाच्या ओंजळीत थेंबही घालत नव्हती, असं लोक सांगायचे. त्या दिवशी तिची वाट बघत मी बराच वेळ तसाच बसलो होतो, ओंजळ धरून. हाताशी चार रांजण होते, पळी होती. पण स्वतःच्या हाताने घेऊन प्यायचं धाडस मला झालं नाही. मी तहानलेलाच धुळ्याला परत आलो.